माझं अक्षर न ओळखणारं शहर

माझी मुलगी मस्कतला एका दवाखान्यात डायलिसिसच्या मशीनवर काम करते. ज्यांची मूत्रपिंडं निकामी झाली आहेत त्यांचं रक्त मशीनमधून शुद्ध करून परत अंगात सोडायचं, असं ते काम. ही दोन वाक्यं चार वर्षांत मी इतक्यांदा बोललो आहे की शाळेतल्या प्रतिज्ञेसारखी ती आपोआप तोंडातून येतात. आणि ती संपली की समोरचा माणूस ठरलेला प्रश्न विचारतो. मस्कतलेच काहून?

यंदा फेब्रुवारीत माझी बायको गेली, तेव्हा बसायला आलेल्या लोकांनीही तो विचारला. आमच्या बाभुळगावात घरातलं माणूस गेलं की आठ-दहा दिवस पुढच्या खोलीतली सतरंजी उचलत नाहीत. लोक येतात, भिंतीला टेकून बसतात. थोडा वेळ गेलेल्या माणसाबद्दल बोलणं होतं, मग ते संपतं, आणि लगेच उठून जाणं बरं दिसत नाही म्हणून जिवंत माणसांची चौकशी सुरू होते.

“सर, ताईनं अमेरिका काहून नाही केली?” आमच्या शाळेतल्या जुन्या शिपायानं विचारलं.

मी काही बोलायच्या आत दुसरा म्हणाला, “मस्कत म्हंजे दुबईच होय न?”

“दुबईच्या बाजूले हाये,” शिपाई म्हणाला.

“मंग दुबईलेच जा लागत होतं. बाजूले जाऊन काय फायदा?”

दोघं-तिघं हसले, आणि आपण कुठे बसलो आहोत हे आठवून गप्प झाले. मुलगी दाराशी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तीही थोडी हसली. तिची मावशी मात्र हसली नाही. ती म्हणाली, “दुबई असो का मस्कत. माय पडली तवा पोरगी बाजूले नव्हती, एवढंच खरं.”

हे खरं होतं, पण पूर्ण खरं नव्हतं. बायको सकाळी अंगणात कपडे वाळत घालताना खाली बसली ती उठलीच नाही. शेजारच्या घरात एक जण राहतो, तो यवतमाळ रस्त्यावर प्रवासी गाडी चालवतो. त्याच्या गाडीत सवाऱ्या बसल्या होत्या. त्यानं त्या उतरवल्या, हिला पायांकडून उचललं, मी डोक्याकडून धरलं, आणि यवतमाळपर्यंत त्याचा हात हॉर्नवरून निघाला नाही. भाड्याचं नावही त्यानं नंतर काढू दिलं नाही. डॉक्टरांनी मेंदूत रक्तस्राव झाल्याचं सांगितलं. दुपारी सगळं संपलं. मी मुलीला फोन केला, आणि दुसऱ्या दिवशी अकराच्या आत ती घरात होती. मस्कतहून मुंबई, मुंबईहून नागपूर, तिथून गाडी. पुण्याहून निघालेला माझा भाचा तिच्यानंतर दोन तासांनी पोचला. मस्कतलाच का, याचं एक उत्तर त्या दिवशी माझ्या डोळ्यांदेखत दारात उतरलं होतं. पण ते मला पुरेसं वाटलं नाही.

कारण उत्तरं माझ्याजवळ बरीच होती. मुलीनंच ती वेळोवेळी दिली होती. पगार बरा आहे. घर जवळ आहे, कधीही निघता येतं. आपल्याकडची माणसं बरीच आहेत, बाजारात कढीपत्ता मिळतो. शुक्रवार-शनिवार सुटी. बाईमाणसाला एकटं राहायला भीती नाही. एकदा व्हिडिओवर तिनं खिडकीतून दिसणारे डोंगर दाखवले, उघडे, तपकिरी, एक झाड नाही. तिची आई म्हणाली, “हे तं आपलेच टेकडे होय व, मे महिन्यातले!” आम्ही तिघंही हसलो होतो. मी एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवली. ‘कारणे लिहा’ या प्रश्नाचे हजारो पेपर तपासले. मुलानं पाच कारणं लिहिली आणि त्यातल्या एकावरही त्याचा स्वतःचा विश्वास नसला, की ते अक्षरावरून कळतं. मुलीची कारणं मला तशी वाटत.

यवतमाळला तिला नोकरी होती. एका मोठ्या दवाखान्यात, याच कामाची. अडीच वर्षं ती रोज सकाळी पहिल्या एसटीनं जायची. मग एका संध्याकाळी घरी आली, पायातल्या चपला काढल्या आणि म्हणाली, “सोडली नोकरी.” मी विचारलं का, तर म्हणाली, “कंटाळली.” चार महिन्यांनी पासपोर्ट आला. पुढे कधी मी विषय काढला की बायको म्हणायची, “जाऊ द्या न. पोरीले कायले त्रास देता?” मला वाटायचं, मायलेकींचं काही गुपित असेल, लग्नाबिग्नाचं. मी पुस्तकात डोकं घालून बसायचो. न विचारणं हा माझा स्वभाव आहे, आणि इतकी वर्षं मी त्याला समजूतदारपणा म्हणत आलो.

आता बायको नव्हती. मुलीची अठरा दिवसांची रजा होती. मला ती परत जायला नको होती. एवढीच गोष्ट होती, पण मला ती सरळ बोलता येईना. तिच्या आईच्या साड्यांच्या घड्या घालत ती आतल्या खोलीत बसायची. मी दारापर्यंत जायचो आणि “चहा घेतला का?” असं विचारून परत यायचो.

चौथ्या दिवशी माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. शाळेत असताना तो शुद्धलेखनात कच्चा आणि भाषणात पक्का होता. आज तो तालुक्यातल्या एका संस्थेचा सचिव आहे. तो माझ्या पायाशी बसला. थोडा वेळ माझ्या बायकोबद्दल, त्याच्या बाईंबद्दल बोलला, तिच्या हातचं बेसन आठवलं. मग म्हणाला, “सर, आपल्या इथंच डायलिसिसचं सेंटर टाकून राह्यलो. सहा मशीन येऊन राह्यल्या. जागा तयार, पाणी शुद्ध करायचं यंत्र लागलं. फक्त माणूस नाही. शिकलेलं कोणी इकडं यायलेच तयार नाही.”

मी म्हणालो, “माणूस आहे.”

“ताई येतीन?”

“येईल.”

“पक्कं धरू, सर? शब्द द्या.”

मी शब्द दिला. मुलगी भिंतीपलीकडे होती. मी तिला हाक मारली असती तर ती दोन पावलांत आली असती. पण तिला विचारलं पाहिजे हे मला सुचलंच नाही. आमच्यात ते सुचत नाही. माणूस नोकरीला लागतो तो एकटा लागत नाही, सगळ्यांच्या वतीनं लागतो.

हे समजावून सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल. माझा बाप दुसऱ्यांच्या शेतात राबला. त्याला एकदा तहसीलमधून एक दाखला हवा होता. सात वेळा तो पायी गेला आणि सातही वेळा बाहेरच्या कडुनिंबाखाली बसून परत आला. आठव्या वेळी त्यानं मला सोबत नेलं. मी तेव्हा चौथीत होतो. तो आतल्या दाराकडे बोट दाखवून म्हणाला, “आत आपलं कोणी नाही. म्हणून असं होते.” मी शिकलो ते त्या वाक्यावर. मास्तर झालो, आणि मग गावातून, आजूबाजूच्या खेड्यांतून लोक येऊ लागले. आधी अर्ज लिहून मागायचे. पुढे माझे विद्यार्थी कुठे कुठे नोकरीला लागले. कोणी बँकेत, कोणी एसटीत, कोणी दवाखान्यात, कोणी पंचायत समितीत. तेव्हापासून लोक चिठ्ठी मागू लागले. मी कधी कोणाकडून एक पैसा घेतला नाही. माझं अक्षर चांगलं आहे. वर ‘सप्रेम जयभीम’, मग एकच ओळ: ‘पत्र घेऊन येणारे गृहस्थ आमच्या घरचे आहेत, शक्य ती मदत करावी.’ खाली सही. आता लोक चिठ्ठीचा मोबाईलवर फोटो काढून पुढे पाठवतात, पण कागद खिशात ठेवतातच. ज्यांच्या सात पिढ्यांना कोणी ओळखत नव्हतं, त्यांना माझ्या एका ओळीनं आत बसायला खुर्ची मिळते, याचा मला अभिमान होता. तो अभिमान मी लपवत असे, म्हणून तो अधिक वाढला.

सातव्या दिवशी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. घरासमोर मंडप होता. बायका पांढऱ्या साड्यांत एका बाजूला, पुरुष एका बाजूला. त्रिशरण-पंचशील झालं, वंदना झाली. मग आदरांजलीची भाषणं. आमच्याकडे ही भाषणं लांबतात, आणि बोलणाऱ्याला मध्येच थांबवता येत नाही. सहा-सात जण बोलले. शेवटी तो विद्यार्थी उठला. माईक कुईं करून ओरडला, त्यानं त्याला दोन टिचक्या मारल्या.

“बाईंनी आम्हाला आईची माया दिली,” तो म्हणाला. “पण नुसती फुलं वाहून काय होते? म्हणून बाईंना खरी आदरांजली म्हणून मी आज जाहीर करतो की, आपल्या नवीन डायलिसिस सेंटरची जबाबदारी सरांच्या कन्येनं स्वीकारलेली आहे. मस्कत सोडून आपली ताई आपल्या माणसांत येऊन राह्यली!”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या बायकोच्या फोटोसमोर मेणबत्ती जळत होती आणि लोक टाळ्या वाजवत होते. कोणीतरी मागून “जयभीम” म्हणून मोठ्यानं घोषणाही दिली. मी मुलीकडे पाहिलं. ती बायकांच्या पहिल्या रांगेत मांडी घालून बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग मावशीनं तिला मिठी मारली आणि रडायला लागली, त्यामुळे मला पुढे काही दिसलं नाही.

जेवणाच्या पंगती बसल्या. वरण-भात, आलू-वांग्याची भाजी, बुंदी. मुलगी पदर खोचून वाढत होती. गाडीवाला शेजारी ताट हातात घेऊन माझ्याजवळ आला.

“सर, लय चांगलं झालं. आता कायची चिंता नाही.”

“हो,” मी म्हणालो.

“माह्या मेव्हण्याचं सांगतलं होतं न तुम्हाले? किडनीचं. त्याचं डायलिसिस यवतमाळले सुरू करा म्हणून राह्यले डॉक्टर. पण तिथी नंबर लागत नाही. आपलं सेंटर सुरू व्हायले टाइम हाये. तोवर तिथल्या साहेबाले एक चिठ्ठी द्या न. ताई तिथी होती, ओळख तं असनच.”

मी खिसे चाचपले. पेन होतं, कागद नव्हता. कार्यक्रमाच्या पत्रिका खुर्चीवर पडल्या होत्या. एका बाजूला बायकोचा फोटो आणि मजकूर, दुसरी बाजू कोरी. मी एक पत्रिका घेतली, गुडघ्यावर वंदनेचं पुस्तक ठेवलं आणि कोऱ्या बाजूवर लिहू लागलो. सवयीचं काम होतं. ‘पत्र घेऊन येणारे गृहस्थ आमच्या घरचे आहेत’ इथपर्यंत आलो, तेवढ्यात बुंदीचं भांडं घेतलेली मुलगी समोर येऊन थांबली. तिनं वाकून पाहिलं. भांडं खाली ठेवलं. माझ्या हातातून पत्रिका काढून घेतली, उलटी करून आईचा फोटो पाहिला आणि ती घडी न करता तशीच घरात घेऊन गेली.

“ताईले राग आला काय, सर?” गाडीवाला म्हणाला.

“नाही, थकली आहे ती,” मी म्हणालो. “तुले उद्या देतो.”

मंडपवाल्यानं संध्याकाळी कापड सोडलं. नातेवाईक पांगले. आम्ही दोघंच ओट्यावर बसलो. तिनं आपणहून सुरुवात केली. आवाज चढवला नाही. ती तिच्या आईसारखी बोलते, भाजी निवडताना बोलावं तशी.

“बाबा, यवतमाळले आमच्याजवळ आठ मशीन होत्या. त्यातली एक नेहमी बंद राह्यची. एका पेशंटले चार तास. दिवसाच्या तीन पाळ्या. म्हंजे रोज एकवीस माणसं, बाविसावं नाही. तुमच्या चिठ्ठ्या यायच्या. माझे साहेब हसायचे. म्हणायचे, मॅडम, तुमच्या घरचे लय आहेत न.”

“मी गरजू लोकच पाठवले,” मी म्हणालो.

“तिथी गरजू नसलेला कोणी येतच नाही, बाबा.”

तिनं खोचलेला पदर सोडला आणि पुढे सांगू लागली.

“एक म्हातारी यायची. घाटंजीच्या पुढून, कोलामांच्या पोडावरून, पार आतल्या आदिवासी वस्तीतली. सोबत पोरगा. मराठी तिले जेमतेम. तिले सकाळची पाळी दिली होती, कारण गावाकडची शेवटची गाडी पाच वाजता. चार महिने तिचं बरोबर चाललं होतं. मंग तुमची चिठ्ठी आली. तुमच्या शाळेतल्या एका सरांचे सासरे. त्यायले सकाळचीच पाळी पाह्यजे होती, दुपारी झोपायची सवय होती म्हणून. साहेबानं म्हातारीले दुपारच्या पाळीत टाकलं अन् त्यायले तिच्या मशीनवर घेतलं.”

“तू अडवायचं होतं.”

“मले विचारलंच कोणी? माझ्याच बापाची चिठ्ठी. साहेबाले वाटलं, मी खूश होईन. मी सुटीवरून आली तं सगळं होऊन गेलं होतं. मी बदला म्हटलं, तं ते म्हणाले, सरांना काय वाटीन? दुपारची पाळी सुटायले साडेसहा व्हायचे. गाडी गेलेली. तीन खेपा ती मायलेकरं बसस्टँडवर झोपली. चौथ्या खेपेले आली नाही. पुढच्या पण नाही. मी पोराच्या फोनवर लावून पाह्यलं, बंद होता. मंग यादीतून नाव काढलं. ते मीच काढलं, माझ्या हातानं, कारण यादी माझ्याकडं होती.”

“गेली का ती?”

“मले माहीत नाही. तेच तं सांगून राह्यली. मले माहीतच नाही.”

मी विचारलं, “हे तुझ्या आईला माहीत होतं?”

“होतं.”

“मग मला का नाही सांगितलं दोघींनी?”

“आई म्हणाली, त्यायले सांगू नको, ते लिहिणं सोडून देतीन, अन् ते लिहिणं सोडलं तं त्यायच्याजवळ दुसरं काय हाये?”

मला याचा राग आला. अजूनही येतो. चार वर्षं माझी कीव करून दोघी गप्प राहिल्या, आणि त्या चार वर्षांत मी किती चिठ्ठ्या लिहिल्या असतील. ज्या एका माणसाला हे विचारून भांडता आलं असतं, ती तर निघून गेली होती. मी रागातच म्हणालो, “आणि मस्कतला काय धर्मराज्य आहे? तिथे ओळख चालत नाही?”

“चालते न. चांगली चालते. तिथल्या माणसाची ओळख असली तं त्याचंही काम लवकर होते. पण मी तिथी परकी हाये, बाबा. माझ्या नावानं कोणाले काही मिळत नाही, म्हणून मले कोणी काही मागत नाही. मी पेशंटचं वजन घेते, सुई लावते, चार तास मशीन पाहते, अन् घरी जाते. कोणाची पोरगी आहे हे कोणी विचारत नाही. तुमचं अक्षर तिथं कोणी ओळखत नाही.”

रस्त्यावरून मंडपाचे बांबू भरलेली गाडी गेली. आम्ही दोघं ती वळेपर्यंत पाहत राहिलो. मला माझा बाप आठवला, आणि आठवायला नको होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी चहा पिताना ती म्हणाली, “मी राहते.”

माझा विश्वास बसेना.

“इथली सहा मशीनची जागा वाईट नाही. मी सकाळी जाऊन पाहून आली. पाण्याची लाइन चुकीची टाकली, ते दुरुस्त होईल. तुम्ही एकटे राह्यले तं मलेही तिथं झोप येणार नाही. पण एक करा. त्यायनं जसं माईकवर सगळ्यांसमोर सांगतलं, तसंच तुम्ही सांगा. रविवारी विहारात सगळे येतात. सांगा, सेंटरवर सरांची चिठ्ठी चालणार नाही. ज्याचा जसा नंबर, तसा. तुमच्या तोंडून ऐकतीन लोक. माझ्या तोंडून म्हणतीन, मस्कतहून आली, माज चढला.”

“सांगतो,” मी म्हणालो. “त्यात काय.”

खरोखरच त्यात काही नव्हतं. दोन वाक्यं होती. मी ती वहीत लिहून काढली, खोडली, परत लिहिली. शब्द कठोर होऊ नयेत याची काळजी घेतली. इतकी काळजी घेतली की शेवटी जे उरलं त्याचा अर्थ काहीच निघत नव्हता. मी सगळं खोडून पहिली दोन वाक्यं परत लिहिली.

रविवारी वंदना झाल्यावर मी उभा राहिलो. लोक शांत झाले. समोर सगळी तीच माणसं होती. हिला खांदा देणारे, आठ दिवस आमच्या घरी भाकरी आणून देणाऱ्या बाया, मंडपाची सतरंजी स्वतः झाडणारा शिपाई. यांच्यापैकी प्रत्येकाच्या घरात माझी एक तरी चिठ्ठी गेलेली होती. मी म्हणालो, “आपण सर्वांनी दुःखाच्या प्रसंगी जी साथ दिली...” आणि आभार मानले. चांगले मानले. दोन बायकांनी डोळे पुसले. मग मी खाली बसलो.

घरी आल्यावर तिनं विचारलं, “सांगतलं?”

“आज वातावरण तसं नव्हतं. एकेकाला भेटून सांगतो. ते बरं पडेल.”

ती म्हणाली, “बरं.” तिचं परतीचं तिकीट गुरुवारचं होतं. तिनं ते अजून रद्द केलं नव्हतं, हे मला माहीत होतं. तिनं ते लपवलंही नव्हतं.

सोमवारी मी कोणालाही भेटलो नाही. मंगळवारी संध्याकाळी गाडीवाला स्वतःच आला. गाडी रस्त्यावर लावून, हात धुऊन, सतरंजीवर बसला. मी मनातल्या मनात वाक्य जुळवलं. सुरुवात याच्यापासूनच करावी, म्हणजे पहिल्यालाच सांगून होईल आणि पुढचं सोपं जाईल, असं ठरवलं.

“सर, ते मेव्हण्याचं राह्यलंच,” तो म्हणाला.

मी त्याच्या हातांकडे पाहत होतो. त्या सकाळी या हातांनी बायकोचे पाय धरले होते. तिच्या पायातली एक चप्पल अंगणात पडली होती. गाडी निघता निघता तो परत उतरून ती घेऊन आला होता, ‘वहिनीले परत येताना लागन’ म्हणून.

“बघतो,” मी म्हणालो.

आमच्याकडे ‘बघतो’ म्हणजे हो. हे त्यालाही माहीत होतं, मलाही, आणि आतल्या खोलीत असलेल्या मुलीलाही.

ती चहा घेऊन बाहेर आली. दोघांना कप दिले आणि स्वतः समोर बसली. मेव्हण्याचं वय विचारलं. आठवड्यातून किती वेळा सांगितलं आहे, लघवी किती होते, सोबत कोण येणार, गावाकडची शेवटची गाडी कितीची. यवतमाळला कोणत्या खिडकीवर नाव टाकायचं, कोणते कागद न्यायचे, प्रतीक्षेतल्या यादीत किती दिवस जातात, तोवर पाणी किती प्यायचं, मीठ किती, सगळं सांगितलं. एका कागदावर लिहूनही दिलं. हे करायला तिला पंधरा मिनिटं लागली असतील. तिच्याकडे पाहताना मला वाटलं, या तालुक्याला हिच्याइतकी गरज दुसऱ्या कोणाची नसेल, आणि हे वाटून मी आणखी चिडलो. कोणावर, ते मला नीट सांगता येणार नाही.

गाडीवाल्यानं कागद घडी करून वरच्या खिशात ठेवला. मग माझ्याकडे वळला.

“ताईनं सगळं समजावून सांगतलं. तरी सर, तुमची चिठ्ठी असू द्या. सोबत असली तं बरं राह्यते.”

मुलीनं कप उचलले. मी उशाखालून वही काढली. पान फाडलं. टोपण काढलं. ती आत जाईल अशी मी वाट पाहत होतो, पण ती तिथेच उभी राहिली.

“काका,” ती त्याला म्हणाली, “परवा सकाळी नागपूरले सोडून द्यान काय? विमानतळावर?”

तो गोंधळला. “परवा? पण ताई, तुम्ही तं इथंच राहून राह्यल्या न?”

“नाही काका. सहाले निघू.”

तो माझ्याकडे पाहू लागला. मी खाली पाहत होतो. ‘सप्रेम जयभीम’ लिहून झालं होतं.